सुटलेल्या माणसांची मंडळी

चर्चमधले किस्से कुणी लिहून ठेवत नाही. उपासना संपली, की चपला शोधता शोधता एक निघतो. चहाचा कप हातात आला, की दुसरा. घरी येऊन भाकरी थापताना तिसरा आठवतो आणि मी एकटीच हसत बसते. मुलगी म्हणते, "आई, तुझ्या डोक्यात सगळी मंडळीच राहायला आलीय!"

आम्ही चर्चला मंडळीच म्हणतो. सोलापुरातली आमची मंडळी लहान. टॉवेलच्या कारखान्यातली माणसं, दोन-चार नर्सबाया, रिक्षावाले, आणि माझ्यासारखे रिटायर झालेले शिक्षक. बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा वर्ग मी घेते, म्हणून सगळे मला टीचरच म्हणतात. ह्या वर्गात शिकवायचं मुळात एकच. तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासानं मिळते, आपल्या कमाईनं नाही. वाक्य केवढंसं! पण ते माणसाच्या गळी उतरवताना काय काय होतं, ते ऐका.

*

रमेश आमच्याच मंडळीतल्या घरातला. रिक्षा दुरुस्तीचं गॅरेज आहे त्याचं. चाळिशी आली तरी बाप्तिस्मा राहिलेला, कारण दारू सुटत नव्हती. "आधी चांगला होतो, मग येतो," हे त्याचं पेटंट वाक्य. शेवटी बायकोनं हाताला धरून वर्गात आणून बसवला.

पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "टीचर, तारण व्हायला माणसानं काय काय करायचं?"

मी जोरात सांगितलं, "काही नाही! जे करायचं ते प्रभूनं वधस्तंभावर केलं. आपण फक्त विश्वास ठेवायचा."

रमेशनं वही बंद केली. "काहीच न्हाय?"

"काहीच नाही."

"मग हा वर्ग सहा महिने कशाला घेताय?"

मी त्याची वही परत उघडली. म्हटलं, "तुला ते 'काही नाही' पटायला!"

खरंच सहा महिने लागले.

*

हाच विषय एकदा पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, अंगाशी आला. नाताळच्या आधी त्यांनी लागोपाठ तीन रविवार एकाच विषयावर संदेश दिला, "कर्मांनी नव्हे, कृपेनं!" तिसऱ्या रविवारी तर अशी रंगत आली, की मागच्या बाकावरचे झोपणारेसुद्धा आमेन म्हणाले.

पुढच्या शनिवारी चर्चची झाडलोट होती. साहेब खराटा घेऊन हजर. दहा वाजले, साडेदहा वाजले, एक माणूस नाही! शेवटी साहेबांनी एकेकाला फोन लावला. पहिलाच फोन शांतवनभाऊंना.

"भाऊ, झाडायला येताय ना?"

"साहेब, तुमीच म्हणालात की, कर्मांनी हुत न्हाय!"

साहेब ओरडले, "तारण होत नाही म्हणालो! झाडलोट होत नाही असं कधी म्हणालो?"

*

आता शांतवनभाऊंचं नाव निघालंच आहे, तर त्यांच्या साक्षीचं सांगते. साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्याला कसं बदललं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. भाऊंना ह्याची भारी हौस. आवाजही खणखणीत.

पहिल्या वर्षी त्यांच्या साक्षीत ते पत्ते खेळायचे. दुसऱ्या वर्षी मटका आला. तिसऱ्या वर्षी मारामाऱ्या सुरू झाल्या. गेल्या ईस्टरला तर ते म्हणाले, "माझ्या नावानं सगळं सोलापूर थरथरत हुतं! असं एक पाप न्हाय, जे मी केलं न्हाय!"

बायकांच्या बाजूला त्यांच्या पत्नी सुमनताई बसल्या होत्या. इतकी वर्षं बिचाऱ्या मान खाली घालून ऐकायच्या. त्या दिवशी पदर खोचून उभ्या राहिल्या.

"साहेब, एवढी पापं ह्यांनी केलीच न्हाईत! कारखान्यात डबल शिफ्ट करत हुते. येळ कवा मिळाला?"

सगळी मंडळी हसून लोटपोट. भाऊ लाल झाले. पण साहेब उठले आणि हसत म्हणाले, "भाऊ, तुम्ही लहान पापी असलात तरी चालतं. तारणारा मोठा आहे!"

तेव्हापासून भाऊंची साक्ष दोन मिनिटांत आटपते. आणि पूर्वीपेक्षा जास्त ऐकावीशी वाटते.

*

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्यामुळे बाप्तिस्म्याची तारीख पंचांगावर नाही, नळावर ठरते! अंगणात हौद आहे. मागं एका उन्हाळ्यात तो कसाबसा भरला आणि सात जणांचा बाप्तिस्मा झाला. त्यात रमेशही होता. पाण्यातून वर आला तो रडतही होता आणि हसतही होता. त्याची बायको टॉवेल घेऊन उभी होती, ती टॉवेल स्वतःच्याच डोळ्यांना लावून बसली.

कार्यक्रम संपला, जेवणं झाली. हौदात पाणी तसंच. सोलापुरात भरलेला हौद सोडून द्यायची कुणाची छाती आहे? बायका बादल्या घेऊन आल्या. धुण्याला होईल, भांड्यांना होईल.

तेवढ्यात मंडळीचे सेक्रेटरी दानीएलकाका धावत आले. काका सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले, कडक शिस्तीचे. "थांबा, थांबा! अहो, सात माणसांची पापं धुतलेलं पाणी हे! घरात काय नेता?"

बायका जागच्या जागी थबकल्या. एकीनं तर भरलेली बादली परत हौदात ओतली.

मग नागम्माआजी पुढं आल्या. आजी मूळच्या दुधनीच्या, घरी कानडी बोलणाऱ्या. कंबरेत वाकलेल्या, पण जीभ सरळ. त्यांनी हौदात डोकावून बघितलं. नीट, चारी कोपरे बघितले.

"अय्यो काका, हितं कुटं हाय पाप? ते कवाच क्रुसावर गेलंय. ह्यात नुसता रमेशच्या गॅरेजचा काळा मळ हाय!"

आणि पहिली बादली त्यांनीच बुडवली. दुसरी दानीएलकाकांच्या घरी गेली.

*

पण रमेशचं तेवढ्यावर संपलं नाही. वर्षभर तो दारूशिवाय राहिला. मग करमाळ्याला चुलतभावाच्या लग्नाला गेला आणि तिथं प्याला. परत आला तो चर्चला येईचना. एक रविवार गेला, दोन गेले, तीन गेले. बायको माझ्याकडे येऊन रडली. "टीचर, पिऊन तीन आठवडे झाले, परत हात लावला नाही. पण जेवत नाही, बोलत नाही. म्हणतो, मी गेलो कामातनं."

मी आणि नागम्माआजी त्याच्या गॅरेजवर गेलो. आम्हाला बघितल्याबरोबर तो एका रिक्षाखाली सरपटत गेला. बाहेर नुसते पाय! मग काय, आम्ही पायांशी बोललो.

"रमेश, रविवारी दिसला नाहीस."

"टीचर, माझं नाव काढा मंडळीच्या वहीतनं," खालून आवाज आला. "ज्याचा बाप्तिस्मा झालाय, त्यानं असं करायचं असतंय व्हय? मी चर्चमधी कुठल्या तोंडानं येऊ?"

मी बायबलमधली वचनं सांगितली. तीन-चार सांगितली. पाय हलले नाहीत. आजी एका टायरवर टेकल्या.

इतक्यात एक गिऱ्हाईक रिक्षा ढकलत आलं, घामाघूम. "काय रे रमेश! मागच्या आठवड्यात दुरुस्त करून नेली, परत बंद पडली! लाज वाटते का? मला तर आता तुझ्याकडं यायचीच लाज वाटाय लागली."

रमेश खालूनच खेकसला, "लाज कसली? बंद पडली तर हितंच आणायची की! दुसरीकडं कुटं नेणार?"

आणि खालून पाना पडल्याचा आवाज आला.

मी आजींकडे बघितलं. आजींनी तोंडाला पदर लावला होता. गिऱ्हाइकाला कळेना, सगळे असे का थांबलेत.

मग रिक्षाखालून बारीक आवाज आला, "टीचर, रविवारी उपासना तीच साडेनऊची ना?"

*

शेवटचा किस्सा मागच्या नाताळचा. दरवर्षी परवानगी काढून आम्ही तुरुंगात गाणी म्हणायला जातो. पेटी, ढोलकी, दहा-बारा माणसं. ह्या वेळी नागम्माआजी हट्टानं आल्या. गाणी झाली, साहेबांचा संदेश झाला. आजींना उभं राहवेना, म्हणून त्या सतरंजीच्या कडेला टेकल्या. जवळच तिशीचा एक कैदी बसला होता. जन्मठेप लागलेला. शेजारी पहाऱ्यावरचा शिपाई.

तो कैदी म्हणाला, "आजी, तुमी चांगली माणसं. हितं कशाला येता आमच्यासारख्यांत?"

"मला बी झाली हुती की शिक्षा," आजी म्हणाल्या.

मी बघतच राहिले. आजींनी जन्मात पोलीस चौकीची पायरी चढली नव्हती.

"तुमाला? किती?"

"मरणाची."

आजूबाजूचे चार-पाच कैदी सरकून जवळ आले.

"मग सुटलात कशा?"

"माझ्या जागी दुसरा गेला."

"असं कुटं असतंय व्हय आजी? सख्खा भाऊ जात न्हाय."

"गेला की. मी काय बोलवलं बी नव्हतं. मला सुटून चाळीस वर्सं झाली. अजून सकाळी उठले की आधी दार बघते. उघडंच असतंय."

कैद्यानं सतरंजीचा एक दोरा ओढला. मग हळू विचारलं, "त्यो मेला?"

"व्हय."

"मंजी संपलं."

"न्हाय रे बाबा. तिसऱ्या दिवशी थडग्यातनं सुटला की!"

आजी अशा हसल्या, की त्याला पण हसू आलं. मग तो पुढं वाकला. "आजी, त्याची भेट घ्यायची तर अर्ज कुणाकडं द्यायचा?"

"अर्ज लागत न्हाय."

शिपायानं घड्याळ बघितलं. आमची वेळ केव्हाच संपली होती. त्यानं शिट्टी तोंडाजवळ नेली, पण वाजवली नाही. टोपी काढून हातात घेतली आणि आजींच्या कानाशी वाकला.

"आजी, आमी तर गजाबाहेरची माणसं. आमाला बी अर्जाशिवाय चालतंय का?"