मुठीएवढी टोपी

मंचरच्या एका दवाखान्यात ती मला एकदाच भेटली, नाव विचारायचं राहूनच गेलं. नर्सच्या नोकरीतून रिटायर झालेली सिस्टर, मढ गावाकडची. स्वतःच्या तपासणीला आली होती आणि बाकावर माझ्या शेजारी बसून पांढऱ्या लोकरीची टोपी विणत होती. टाका चुकला की जीभ चावायची, उसवायची, पुन्हा विणायची.

माझी लेक आत ॲडमिट होती. पाचवा महिना. बाळ जगणार नाही, ठेवलं तर लेकीच्याही जिवाला धोका, असं डॉक्टर म्हणाले होते. लेकीला ते सांगायचं काम माझ्यावर आलं होतं. सिस्टरच्या गळ्यातला क्रॉस बघून मी तिला सगळं सांगितलं आणि तिलाच विचारलं, "असं बाळ पाडणं तुमच्यात पाप मानतात का हो?"

"माझं म्हायेर कॅथलिक. तिथले फादर म्हणतात, पाप. सासर प्रोटेस्टंट. तिथले पाळक म्हणतात, आधी आईचा जीव वाचवा. येशू दोघांचा एकच, ताई."

"मग नोकरीत असताना तुम्ही काय करायचात?"

"डॉक्टर सांगतील ते. पण असं लेकरू मातीत द्यायच्या आधी मी त्याला टोपी घालायची. फादर म्हणाले, म्हंजी ते लेकरू व्हतं, हे तुला ठाऊक व्हतं. पाळक म्हणाले, ही तुझी माया. मला अजून कळालं न्हाई."

लोकर तोडून तिनं ती टोपी माझ्या हातात ठेवली. आधार दिला की दोष, मला समजेना.

मी आत गेले. लेकीनं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे.

"आई, मुठीत काय आहे?"