डोळे मिटणारा गेटमन

समोरच्याचा खिसा तो कधी चाचपत नसे. नुसता तळहात पुढे करायचा आणि म्हणायचा, "टाका भाऊ, अन् मोकळे व्हा." दिग्रसच्या आमच्या जिनिंग कारखान्यात तो गेटमन होता. कापसाच्या गंजीपाशी एक काडी पेटली तरी सगळं खाक, म्हणून आत येणाऱ्या प्रत्येकाची काडेपेटी गेटवर काढून घ्यायची आणि जाताना परत द्यायची, हे त्याचं काम. गाडीवाले, हमाल, मिस्त्री मुकाट्याने खिसे रिकामे करत.

मी तिथला सुपरवायझर. संशय घेण्याचाच पगार मला मिळत होता आणि तो मी इमानदारीने कमावत होतो. झडती न घेता ज्याचा डबा काडेपेट्यांनी भरतो, त्याचं काहीतरी काळंबेरं असणारच, असं मला वाटे.

त्यातून दुपारचा डबा खाल्ला की तो भिंतीला पाठ लावून डोळे मिटायचा. मांडीवर कव्हर गेलेलं जुनं बायबल. "भार टाकला साहेब त्या वरच्यावर. आता पाच मिनिटं टेकतो." ती पाच मिनिटं मी घड्याळ लावून मोजली आहेत. वीस भरत. तुम्हीही अशी निवांत माणसं पाहिली असतील. तुम्हाला नाही येत संशय?

तो पुसद रस्त्यावरच्या एका तांड्यावर राहायचा. तिथली चार-पाच घरं येशूला मानू लागली होती, रविवारी टिनाच्या शेडात प्रार्थना करत. ह्याला त्यातून काय मिळालं असेल, या प्रश्नाने मला छळलं होतं. वर्षभर मी त्याच्या अंगावर नवा शर्ट आणि बुडाखाली नवी गाडी शोधली. तो त्याच चेन उतरणाऱ्या सायकलवर येत राहिला. शेवटी मी सरळ विचारलं. तर म्हणाला, पूर्वी तो दाराची कडी दहादा पाहायचा, शेतात असला तरी घर जळेल असं वाटायचं.

"भरवसा मले येतच नाही साहेब," तो म्हणाला. "म्हणून तं रोज डोळे मिटून बसतो. शिकून राह्यलो."

मला हे उत्तर फारच तयार वाटलं.

मग मी एक शहाणपणा केला. एका दुपारी जेवून परत येताना, तो डोळे मिटून बसला असताना, माझी काडेपेटी वरच्या खिशात घालून आत शिरलो. शेठ आले की ती टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, पाहा तुमचा गेटमन. शेठना यायला उशीर झाला. तोवर मी गंजीवर चढलो, कापसात ओल आहे का पाहायला वाकून कोपरापर्यंत हात घातला. खाली उतरलो तेव्हा खिसा रिकामा होता.

ती पेटी कापसाबरोबर रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, गेली असती तर तिथे काम करणाऱ्या बायांचं काय झालं असतं! मी धावत जाऊन सगळे रेचे बंद करायला लावले. गंजीत काडेपेटी पडताना दिसली, एवढंच सांगितलं. कुणाची ते गिळलं. तासभर सगळ्यांनी कापूस उपसला, तेव्हा एका बाईच्या हाताला ती लागली.

शेठ आले होते. कुणाची ही, असं त्यांनी विचारलं. मी अंगावरचा कापूस झटकत राहिलो. गेटमनने पेटी हातात घेऊन नीट पाहिली.

"गेटातून आत आली ना, मंग चूक माहीच," तो म्हणाला. "डोळे मिटले होते माहे."

शेठनी त्याला त्याच संध्याकाळी काढून टाकलं. मी तेव्हाही गप्प होतो. हे लिहिताना मला लाज वाटते.

नवा गेटमन सगळ्यांना कमरेपर्यंत चाचपायचा. त्याच्यावर संशय घ्यायला जागाच नव्हती, म्हणून असेल, माझा संशय माझ्यावरच येऊन बसला. दोन महिन्यांनी मी शेठसमोर सगळं कबूल केलं, बोलणी खाल्ली आणि तांड्यावर गेलो. तो अंगणात तुराट्यांचं कुंपण बांधत होता. त्याच्या बायकोने पाणी दिलं. मी सगळं सांगितलं आणि शेठनी परत बोलावलंय, हेही सांगितलं.

"पेटी तुमची होती, मले माहीत होतं," तो म्हणाला. माझ्या पेटीला गुंडाळलेला लाल दोरा त्याने रोज संध्याकाळी ती परत देताना पाहिला होता.

मग बोलला का नाहीस, मी विचारलं. तो रागावेल अशी माझी तयारी होती, माफ केलं म्हणेल अशीही होती. दोन्हींवर मी संशय घेतला असता.

त्याने हातातली तुराटी कुंपणात खोचली.

"मी रोज म्हनो, देवा, तुयावर सोडलं. अन् डोळे उघडले का रस्त्याकडे पाहो. वाट त्याची नाही साहेब, तुमची पाहून राह्यलो होतो. दोन महिने कुठं टेकलोच नाही. आता गेटवर नाही येत. पह्यले त्याच्यावर टेकाले शिकतो."

तो परत आला नाही. त्याच्या त्या बोलण्यात कुठे खोट आहे का, हे मी अजून शोधतो, आणि मला सापडत नाही.