कलती मान

दिवसभर मशीनवर वाकून शाळेचे गणवेश शिवून मावशी घरी आल्या, तेव्हा ससा मान एका बाजूला टाकून जागच्या जागी गोल गोल फिरत होता. लेक नोकरीसाठी परगावी गेल्यापासून तिचं हे लाडकं प्रकरण मावशींच्याच गळ्यात पडलं होतं. पाठ टेकायचं राहूनच गेलं. सशाला टोपलीत घालून त्या तशाच निघाल्या.

जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात टेकले. "मी कुत्र्यामांजरांचा डॉक्टर, मावशी. सशातलं मला काही कळत नाही. उगाच काही टोचलं तर जिवावर बेतायचं." त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला.

मावशी बसमध्ये टोपली मांडीवर धरून बसल्या होत्या आणि उभ्यानेच पेंगणाऱ्या माणसांकडे हेव्याने पाहत राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी सशाच्या कानात बॅटरी मारून पाहिलं. "कान आतून सुजलाय, म्हणून त्याला गरगरतंय. औषध देते. पण तो खायचा थांबला तर संपलं. हाताने भरवावं लागेल."

"मला कोण भरवणार?" मावशी म्हणाल्या, आणि दोघींना हसू आलं.

घरी येऊन त्या भिंतीला टेकून बसल्या आणि कोथिंबिरीची एकेक काडी त्याच्या तोंडाशी धरू लागल्या. "खा रे बाबा, मलाही जेवायचंय." बऱ्याच वेळाने त्याने एक पान ओढलं. मावशींचे डोळे भरून आले, दमल्यामुळेच असतील.

ससा जगला. मान मात्र कलतीच राहिली.