कॅन धुतलेल्या पाण्यावरचं गवत

आधीच माफी मागतो. सरांच्या संशोधनावर लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि या कामात माझा वाटा फक्त गवत मोजण्याचा.

सर आम्हाला पर्यावरणशास्त्र शिकवायचे. चौसाळ्याजवळच्या एका गावाच्या गायरानात त्यांनी कुंपण घालून चार तुकडे राखले होते. गुरांनी तोंड न लावलेलं, कुणी पाणी न घातलेलं गवत दुष्काळात कितपत तग धरतं, हे त्यांना पाहायचं होतं. दर रविवारी मी लोखंडी चौकट जमिनीवर ठेवून आतली हिरवी ठोंबं मोजायचो.

त्या वर्षी गाव टँकरवर होतं. तीन तुकडे वाळले. दूध संस्थेला लागून असलेला चौथा मात्र हिरवा राहिला. मला वाटलं, सरांच्या हाती मोठं काहीतरी लागलं. संस्थेत कॅन धुणाऱ्या मावशी कुंपणापाशी आल्या.

"लई बरं झालं बघ. रोज कॅन इसळलेलं पाणी टाकायले मी. गवत जळालं असतं तर तुझ्या सरांना नापास केलं असतं की!"

"कावून टाकलं मावशी? पाण्याबिगर काय होतं तेच बघायचं होतं."

"म्हंजी वाळताना नुसतं बघत बसायचं? असलं कसलं रं शिक्षण तुमचं!"

दोन दिवस मी गप्प राहिलो. न सांगितलं तर कुणाला कळणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी मोजणीची वही उघडली. मग म्हणाले, "म्हशीला पाजायचं पाणी बाईंनी आपल्या गवताला दिलं. ते लपवायचं कशाला? लिहू या."

त्यांनी तो तुकडा मुख्य मोजणीतून काढला आणि मावशी रोज किती पाणी टाकायच्या ते विचारून पाण्याचा, गवताचा वेगळा तक्ता शेवटी जोडला. तीनच तुकडे उरल्यामुळे मोठ्या नियतकालिकाने लेख परत पाठवला. एका छोट्याने छापला.

दुसऱ्या संशोधकाने आपल्या लेखात आधार म्हणून आपलं काम नोंदवलं, की त्याला संदर्भ म्हणतात. सरांच्या बढतीच्या मुलाखतीत समितीने तेच विचारलं. सर म्हणाले, "अजून एकही नाही." बढती राहिली. मी बोललो नसतो तर, असं मला फार वाटायचं. एकदा तसं म्हणालोही. सर चिडले. "खोटी मोजणी कुणाच्या कामाची, गड्या?" तरी दर महिन्याला मी मोबाईलवर त्यांचा लेख शोधायचो. संदर्भ शून्य.

आता मी एम.एस्सी.ला बाहेरगावी आहे. परवा प्रात्यक्षिक संपवून बाहेर आलो, तर सरांचा फोन.

"कुठं हायस? जरा बस."

मी पायरीवर बसलो.

राजस्थानातल्या काही संशोधकांना, किती थोड्या सांडपाण्यावर गवत जगतं, हे हवं होतं. त्यांनी आपल्या लेखात सरांचा शेवटचा तक्ता घेतला होता.

"आणि बाकीचा लेख, सर?"

"त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं न्हाई त्यांनी!" सर मोठ्यानं हसले. मग आवाज जरा खाली आला. "एक झाला रे. बढतीचा अर्ज आजच पुन्हा दिलाय."