तात्यांच्या रानातली वहिवाट

वहिवाट म्हणजे पुष्कळ वर्षांच्या वापराने पक्की झालेली गोष्ट. मग ती वाट असो, जमिनीचा कबजा असो की घरातली पद्धत. हा अर्थ मी वाचलेला होता. पिंपळवंडीत आमच्या मळ्यात जायची वाट शेजारच्या तात्यांच्या रानातून तिरकी जाते. वडील तिला वहिवाट म्हणत, एवढाच त्या शब्दाचा आमच्या घराशी संबंध.

वडील उन्हाळ्यात गेले. दिवाळीनंतर आई फोनवर म्हणाली, तात्या कांद्यासाठी रान नांगरणार आहेत. वाट मोडली तर तिला कालव्यावरून मोठा वळसा पडणार होता, आणि तिचे गुडघे तेवढं चालू देत नाहीत. मळा सुटला तर ती घरात बसून खचेल, अशी भीती मला वाटत होती. वाट राहू द्यावी म्हणून मी तात्यांच्या सहीसाठी एक संमतीपत्र लिहिलं, दोनदा सुधारलं आणि गावी गेलो.

तात्यांनी ते सावकाश वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"लई चांगलं लिवलंय राव. पण तुमच्या बापानी मला कदी इचारलं व्हतं का?"

"नाही."

"मंग? तुमी इचारलं, म्हंजी वाट माझी झाली आन तुमी पावणं झाले."

मी माफी मागितली.

"आता माफीचाबी कागद आणू नका म्हंजी झालं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. दुपारपर्यंत सगळं रान एकसारखं काळं झालं, वाटेची खूणही उरली नाही. आई बांधावर उभी होती. मला वाटलं, माझ्यामुळेच वाट गेली.

तात्यांनी ट्रॅक्टर बंद केला. "आवं, बघत काय उभं राह्यलाय? दर साली मोडतीच ती. तुमचा बाप नांगरटीच्याच दिशी चालायचा. तुमी पाडा वाट, मी तेवढी सोडून वाफे ओढतो."

हे मला कधी माहीत नव्हतं. आईला होतं.

"त्या बोरीकडं बघत चाल," ती म्हणाली. "खाली बघू नको."

मी चपला हातात घेतल्या. पाय घोट्यापर्यंत रुतत होते. मागून ती माझ्या पावलांत पाऊल ठेवत येत होती. निम्म्यावर आल्यावर म्हणाली, "जरा जवळजवळ टाक. ते एवढी ढांग टाकत नव्हते."