डावीकडची जागा

मुलगी आयटीत लागली तेव्हा नातीला सांभाळायला मी शनिवार पेठेतून रोज खराडीला जायचे. परतीच्या बसला ही बाई भेटायची. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. साठीची, साडीखाली पांढरे बूट, आणि बसणार कायम सगळ्यात पुढे, डावीकडे, काचेजवळ. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी गोल धरायची आणि सिग्नल आला की उजवा पाय ब्रेक लावल्यासारखा हळूच दाबायची.

ड्रायव्हर एकदा म्हणाला, "काकू, तुम्हीच चालवा की!"

"अहो, उजवीकडे बसून येतं मला. अमेरिकेत डावीकडे बसतात, त्याची सवय करतेय."

तिकडच्या तिच्या मुलानं मागच्या खेपेला तिला खूप फिरवलं होतं, मोठमोठे पार्क, जुने किल्ले. एका दरीपाशी ऊन उतरताना ही बसून राहिली, तर तो म्हणाला, "आई, चल, अजून दोन ठिकाणं राहिलीत." आता तिला एकटीनं गाडी घेऊन जायचं होतं. मुलगा नकोच म्हणत होता.

"त्यानं सगळं दाखवलं हो," ती मला म्हणाली, "माझं बघायचं राहिलं."

एके दिवशी म्हणाली, "उद्या निघते. तो गाडी देणार नसेल तर भाड्यानं घेईन."

दुसऱ्या दिवशी त्या जागेवर मी बसले. पुलावर आलो तेव्हा नदीत ऊन उतरत होतं. सिग्नल नव्हता, तरी माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला.