एक रयत पाहिजे

रंगाच्या दुकानात शेड चुकलेले डबे साठत जातात. गिऱ्हाईक पिस्ता मागतं, मशीनमधून निघतो शेवाळी, आणि तो डबा मग रॅकवर कायमचा राहतो. विकता येत नाही, फेकवत नाही. किस्से तसेच साठतात. आमच्या क्लबचे माझ्याकडे रॅकभर झालेत.

क्लब म्हटल्यावर हारतुरे आणि रक्तदान शिबिर डोळ्यांसमोर आणू नका. आमचा क्लब विज्ञानकथांचा. रविवारी दुपारी माझ्या दुकानावरच्या माळ्यावर आम्ही टेबलाभोवती बसतो आणि प्रत्येक जण अंतराळातला कोणीतरी होतो. फासे टाकायचे, यानं उडवायची, ग्रह जिंकायचे. हे सगळं विश्व उभं केलं पाध्ये सरांनी. सर शाळेत विज्ञान शिकवायचे. रिटायर झाले, मग त्यांच्या पत्नी वारल्या. मुलगी पुण्याला. ती फोनवर सारखी म्हणते, "बाबा, आता इकडे या," आणि सर सांगतात, "रविवारी क्लब असतो गं."

म्हणजे क्लब आहे तोवर सर रत्नागिरीत. क्लब मोडला की सरांची बॅग भरलीच. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कोणी बोलत नाही.

साम्राज्याचे सम्राट अर्थात सर. त्यांच्या खाली मंडलेश्वर, मग ग्रहपती, मग शिलेदार, आणि तळाला रयत. प्रत्येक पदवीला मान ठरलेले. तिथेच आम्ही बुडालो.

*

पहिली पदवी माझी. माळा दिला म्हणून सरांनी मला ग्रहपती केलं. मान काय, तर पंख्याखालची खुर्ची.

मी म्हटलं, "सर, पंखा माझाच आहे."

"ती मालकी," सर म्हणाले. "मालकी विकता येते. हा मान आहे."

एका मे महिन्यात डीलर मीटिंगसाठी मी कोल्हापूरला गेलो होतो. रविवारी परत आलो तो थेट माळ्यावर. सगळे भिंतीला पाठ लावून घामाने निथळत बसलेले. आणि मधोमध माझी रिकामी खुर्ची फुल स्पीडवर वारा खात होती.

"अरे, बसायचं ना कोणीतरी."

"तुमचा मान हाय, शेट," आमच्यातला मोहिते म्हणाला. "आमी कसं बसणार?"

"मग खुर्ची सरकवून पंख्याखाली उभं तरी राहायचं."

"वारापण मानातच येतो. सरांना विचारलं आमी."

*

नितीन आमचा सगळ्यात तयारीचा खेळाडू. विम्याच्या ऑफिसात होता. एक दिवस म्हणाला, पुण्याची ऑफर आली आहे. सरांचा चेहरा उतरला. पुढच्या रविवारी त्यांनी त्याला शिलेदारावरून एकदम मंडलेश्वर केला. मान असा की कुठल्याही वादात त्याचा शब्द शेवटचा.

नितीनने वाकून मुजरा केला, डोळे पुसले आणि त्याच आठवड्यात पुण्याला गेला.

पण मान जात नाही ना. पुढे केव्हातरी सावंत आणि मोहिते यांच्या यानांची टक्कर झाली. वाद पेटला, शेवटचा शब्द नितीनचा. लावला व्हिडिओ कॉल. पलीकडे रविवारीसुद्धा काचेची केबिन, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेला नितीन, मागे कोणीतरी इंग्रजीत आकडे सांगतंय. सावंताने सगळी हकीकत ऐकवली. यानाचा वेग, कोन, इंधन, सगळं.

नितीन हळू आवाजात म्हणाला, "मी मीटिंगमध्ये आहे. दोघंही मेलात असं धरा."

तो निकाल आजही कायम आहे, दोघे तेव्हापासून नवीन माणूस घेऊन खेळतात. त्याच्यावर अपील नाही.

*

सावंत आणि मोहिते दोघेही संगमेश्वरकडचे, एकाच गावचे. एक कोर्टात टायपिस्ट, दुसऱ्याचं झेरॉक्सचं दुकान. दोघे शिलेदार. शिलेदाराचा मान म्हणजे भज्यांची ताटली रयतेच्या आधी. पण दोन शिलेदारांत आधी कोण, हे सरांनी ठरवलंच नव्हतं. ते मूळचे शहरातले, त्यांना काय कल्पना.

"गावात शिमग्याला पालखी आधी आमच्या दारात येते," सावंत म्हणाला.

"ती उतारावर घर हाय म्हणून," मोहिते म्हणाला. "नारळ आमचा पयला."

मी म्हटलं, "अरे बाबांनो, आपण पृथ्वीवर नाही आहोत सध्या."

"पृथ्वीवर नसू," सावंत म्हणाला, "गाव तेच हाय."

भजी गार झाली. सावंत रुसून घरी बसला. त्याला परत आणायला सरांनी त्याला ग्रहपती केलं. मग मोहिते रुसला. त्यालाही ग्रहपती केलं. ते दोघे माझ्या बरोबरीला आले तेव्हा मी नुसता गप्प बसलो होतो, तर सरांना वाटलं मीही रुसलो. मला मंडलेश्वर करून टाकलं.

तेव्हा मी सरांना बाजूला घेतलं. "सर, आमच्या कंपनीने एकदा असंच केलं होतं. जो डीलर कुरकुरेल त्याला गोल्ड डीलर. शेवटी जिल्ह्यात साधा डीलर उरला नाही."

"मग काय केलं कंपनीने?"

"मग प्लॅटिनम काढलं."

सर हसले नाहीत. त्यांनी ते मनावर घेतलं. पुढच्या महिन्यात साम्राज्यात आणखी एक पदवी आली.

*

नितीनच्या त्या निकालानंतर सरांनी मानकऱ्यांना सगळ्यात मोठा मान दिला, तो म्हणजे त्यांच्या संमतीशिवाय त्यांना खेळात मारता येत नाही. ऐकायला भारी वाटतं. पण युद्ध सुरू झालं की प्रत्येक तोफेनंतर सर विचारणार, "मरायला तयार?" आणि उत्तर येणार, "नाही." शत्रूच्या बाजूला बसलेलेही मानकरीच.

मरायला एकच माणूस उरला, कांबळे. पोफळीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेला, आता इथे पाटबंधारे खात्यात. यंत्रांची आवड म्हणून क्लबात आला आणि कधी रुसला नाही, तर रयतच राहिला. म्हणून दर रविवारी मरायचा. कधी इंजिनरूममध्ये, कधी हवा संपून. एकदा तर मोहित्याच्या यानाला धडक बसली आणि शेजारच्या यानातला कांबळे मेला.

सर त्याला म्हणाले, "कांबळे, वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या वेळी नवीन माणूस देतो तुला."

"त्याचं काही नाही सर," कांबळे शांतपणे म्हणाला. "आधी कोण, मागून कोण, लांब कोणी उभं राहायचं, हे आमच्या आजोबांनी गावात पाहिलं आणि सोडून दिलं. मला वाटलेलं, तुम्ही एवढे हजार वर्षं पुढे जाताय, तर हे मागे ठेवून जाल."

सावंत ताटलीकडे बघत राहिला. मग त्याने ताटली कांबळेच्या पुढे सरकवली. कांबळेने एक भजं घेतलं आणि म्हणाला, "सरकवायचीसुद्धा गरज नाही रे. मध्ये ठेव."

*

त्यावर कांबळेने ठराव मांडायचं ठरवलं की पदव्या रद्द, सगळे रयत. पण ठराव मांडायचा मान शिलेदारापासून वर. मग सरांनी, फक्त ठरावापुरतं, त्याला शिलेदार केलं.

ठराव मांडला. बोलला असा की मला वाटलं, ठराव पास झालाच. मतदान झालं. बाजूने कांबळे आणि मी. विरुद्ध बाकी सगळे, आणि नितीनने पुण्याहून अंगठा खाली केलेलं चित्र पाठवलं.

कांबळे म्हणाला, "बरं. मग माझी पदवी काढून घ्या, मी परत रयत होतो."

सरांनी नकाराची मान हलवली. "सम्राटाने दिलेली पदवी परत घेता येत नाही. तो तुझा मान आहे."

अशा तऱ्हेने साम्राज्यातली शेवटची रयत संपली.

*

रयत नाही म्हणजे खेळ नाही. कोणी मरत नाही, कोणी राबत नाही, सगळे नुसते एकमेकांना मुजरे करतात. माणसं गळायला लागली. सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत एक नवा माणूस आला नाही तर थांबवू या." सरांच्या मुलीने पुण्यात त्यांची खोली रंगवून घेतली होती. रंग कुठला लावू, हे तिने मलाच फोन करून विचारलं होतं.

मी दुकानात रंग मिसळायच्या टिंटिंग मशीनवर 'क्लबात एक रयत पाहिजे' असा कागद लावला. बरेच दिवस कोणी विचारलं नाही. मग एका बाईचा फोन आला. जवळच पालीला बँकेत नवीनच बदलून आलेली, इथे कोणी ओळखीचं नाही. सरांशी बोलणं करून दिलं. फोन ठेवून सर म्हणाले, "शेट, ती म्हणाली, मला यातलं काही येत नाही, चालेल का?" मग पुन्हा म्हणाले, "काही येत नाही म्हणाली."

रविवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. चार वाजता बेल वाजली.

आता दार उघडणं हे रयतेचं काम. मानकऱ्याने दारासाठी उठायचं नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"मी उघडतो," कांबळे उठला.

"बस तू," सर म्हणाले. "तुला दार उघडायला लावायचं, तर पदवी दिली कशाला?" खरंच मनापासून म्हणाले. कांबळे परत बसला.

मी उठणार, तर सावंताने हात धरला. "शेट, तुमी मंडलेश्वर. तुमी उठलात तर आमी बसलेलो कसं दिसणार?"

"मग तू उठ."

"मोहिते बसलेला असताना?"

पुन्हा बेल. बाहेरून आवाज, "क्लब इथेच आहे ना?"

मोहिते ओरडला, "थांबा वायच, ठरतंय."

शेवटी सर स्वतः उठले. सम्राट उठले की सगळ्यांनी उठायचं, माना खाली घालायच्या आणि सम्राट बसेपर्यंत वर करायच्या नाहीत. आम्ही उठलो, माना खाली घातल्या. सरांचा गुडघा दुखतो, ते टेबलाला धरत, खुर्च्यांमधून वाट काढत दारापर्यंत गेले. कडी काढल्याचा आवाज आला.

जिन्यात कोणी नव्हतं. खाली रस्त्यावर स्कूटर सुरू झाली आणि लांब गेली.

आम्ही माना खाली घालून उभे होतो. सर काही बसेनात.